नांगरट उधारीवर, तर लावणी कोणाच्या खाचरात?



रोहिणी निघाली. राब भाजून झाले. आता एखादा वळीव पडला की वाडीवाडीत एकच बोलणं सुरू होईल, "ट्रॅक्टर कधी यायचाय?" आम्ही लहान होतो तेव्हा हे बोलणं वेगळं होतं. तेव्हा विचारायचे, "बैल कोणाचे मोकळे हायेत?"

बैल का गेले ते तुम्हाला सांगायला नको. चराईचं रान बंद झालं. पेंढा पुरत नाही. दिवाळीनंतर सगळं घर वीटभट्टीवर जातं, मग बैल कोणाच्या दावणीला बांधून जायचं? एकेक करत जोड्या विकल्या गेल्या. आमच्या वाडीत आता दोनच जोड्या उरल्यात. ज्यांच्या आहेत ते आधी आपलं आवरतात, मग दुसऱ्याचं धरतात. त्यात त्यांची काही चूक नाही. पण पाऊस कोणासाठी थांबत नाही.

म्हणून या अंकात आम्ही नांगरटीवर लिहितोय. काही जण म्हणतील, संघटनेच्या पत्रिकेत दावे, अपिलं, मोर्चा यायचं, ट्रॅक्टर कशाला? पण वर्षानुवर्षं भांडून जमिनीचा कागद मिळवायचा आणि मृगात तीच जमीन ट्रॅक्टरवाल्याच्या मर्जीवर सोडायची, असं आपल्याकडं व्हायला लागलंय. आमचं म्हणणं सरळ आहे. यंत्र वाडीत यावं. पण ते ग्रामसभेनं ठरवून आणलेलं, आपल्या पाळीनं फिरणारं असावं. उधारीवर आलेलं यंत्र माती भुसभुशीत करतं आणि माणूस बांधून टाकतं.

मारुंजीत काय पाहिलं

आमच्यातले बरेच जण मारुंजीला कामाला जातात. मारुंजी मुळशी तालुक्यातच, पण पार पूर्वेच्या टोकाला, हिंजवडीला लागून. तिकडं आयटी पार्क झाल्यापासून जमिनीचा भाव वाढला आणि भाताच्या खाचरांत इमारती उभ्या राहिल्या. तरी मधेमधे पट्टे शिल्लक आहेत आणि तिथं अजून भात होतो. मालकाकडं छोटा ट्रॅक्टर असतो, त्याच्यामागं लावायला फणांचा कल्टिव्हेटर, रोटर आणि चिखलणीची लोखंडी चाकं. वळवाचा पाऊस पडून वाफसा आला की कल्टिव्हेटर उभा आडवा फिरतो. ढेकळं फुटली की रोटर. मग पाणी साठलं की चिखलणी, शेवटी फळी मारून सपाट. बैलांनी जे तीन-चार दिवस चालायचं ते एका सकाळीत उरकतं.

आम्ही हे बांधावरून पाहिलेलं नाही. त्यातले कित्येक ट्रॅक्टर आमचीच पोरं चालवतात. ज्या कातकरी घराच्या नावावर राहत्या खोपटाखालची जागासुद्धा नाही, त्या घरातला पोरगा मारुंजीत स्टेअरिंगवर बसतो. किती पाण्यात रोटर घालायचा, बांधाच्या कोपऱ्यात कसं वळायचं, पातीत गवत गुंतलं तर काय करायचं, सगळं त्याला येतं. संध्याकाळी रोज घेऊन तो वाडीत परत येतो, तेव्हा त्याची आई कुदळीनं राबाची जागा खणत असते. हे आम्हाला सलतं. विद्या आपल्या हातात आहे आणि यंत्र दुसऱ्याच्या दारात.

दोन तासाचे सोळा रोज

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्यातल्या एकाच्या घरी डोंगराच्या पायथ्याला प्लॉट आहे, त्यात चार खाचरं. बैल मिळाले नाहीत. खालच्या अंगाचा एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "करून देतो. पैशाचं नंतर बघू. लावणीला दोन माणसं पाठव." ऐकायला गोड वाटलं. मशीन सगळी मिळून दोन तास चालली.

लावणी आली तशी दोघं नवरा-बायको त्याच्या खाचरात गेली. बोली पाच दिवसांची होती. पाऊस लागला, त्याची लावणी लांबली, आठ दिवस झाले. मधे सोडून यायची सोय नव्हती, कारण पुढच्या वर्षी परत त्याच्याच दारात जायचंय. दोन माणसं, आठ दिवस, सोळा रोज. दोन तासांच्या नांगरटीला सोळा रोज!

आणि एवढ्यावर भागलं नाही. घरचं रोप तोवर वाफ्यात उभं होतं. भाताचं रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचं असताना लावलं तर फुटवा चांगला येतो. हे रोप दीड महिन्याचं झालं. पिवळं पडलं, कांड्यावर आलं. लावलं तेव्हा एकेका चुडाला फुटवेच फुटले नाहीत. दरवर्षी सात पोती व्हायची, गेल्या साली चार झाली. ती तीन पोती कोणाच्या हिशोबात धरायची? ट्रॅक्टरवाल्याच्या वहीत ती कुठंच नाहीत.

वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. उचल देऊन माणसाला कामाला बांधून ठेवायचं नाही, असं तो सांगतो. आता उचल रोख देत नाहीत, नांगरटीनं देतात. नाव बदललं, दोर तोच.

वाट्याचा फास

याच्यापुढची पायरी आणखी वाईट आहे. काही ठिकाणी ट्रॅक्टरवाले म्हणायला लागलेत, "तुझ्याकडं ना बैल, ना पैसा. मी माझ्या मशिनीनं कसतो, बी-खत माझं, तुला अर्धा वाटा." म्हणजे ज्याच्या नावावर पट्टा तो आपल्याच प्लॉटवर मजूर.

भाऊ-बहिणींनो, वनहक्क कायद्यानं आपल्याला जमीन कशासाठी दिली ते एकदा वाचा. २००६ च्या कायद्याच्या कलम ३ मध्ये हक्क लिहिलाय तो राहण्यासाठी किंवा स्वतः कसून पोट भरण्यासाठी. स्वतः कसून, हे शब्द तिथं आहेत. कलम ४ म्हणतं की हा हक्क वारसाला जातो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. लग्न झालेलं असेल तर नवरा आणि बायको दोघांचं नाव लागतं. मग बायकोला न विचारता नवऱ्यानं पावशेराच्या नादात वाट्याला होकार दिला, तर तो कोणाच्या हक्काचा सौदा झाला? उद्या कोणी अधिकाऱ्यानं बोट ठेवलं, की तुम्ही तर कसतच नाही, तर काय सांगणार?

मागची एक आठवण ठेवा. कूळ कायदा १९४८ साली झाला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारी कुळं कायद्यानं मालक धरली गेली. कसेल त्याची जमीन. पण आपण कसत होतो ती जमीन वनखात्याच्या नावावर, म्हणून तो कायदा आपल्या दारावरून पुढं गेला. आपली पाळी यायला पुढं पन्नास वर्षं गेली. आता कुठं कसणाऱ्याचं नाव कागदावर चढतंय, आणि कसायचं काम आपणच दुसऱ्याच्या हवाली करायचं का?

जमीन बघून यंत्र

आता यंत्राचं बोलू. मारुंजीची खाचरं सपाट, लांबरुंद. आपली खाचरं पायरीपायरीची, कुठं दोन गुंठे, कुठं पाच. मोठा ट्रॅक्टर तिथं वळत नाही. तो वळवण्यासाठी चालक म्हणतो, "मधला बांध काढू, दोन खाचरांचं एक करू." बांध काढायला कधीच होकार देऊ नका. याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण पाण्याचं. उतारावरचं खाचर बांधावर जगतं. वरचा बांध गेला की एका मुसळधार पावसात माती खालच्या ओढ्यात. दुसरं कारण पुराव्याचं. वनहक्क नियमातल्या नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात जमिनीवर केलेल्या कायमच्या सुधारणा येतात. सपाटीकरण, बांध, बंधारे सगळं त्यात आहे. ज्यांचा दावा अजून मंजूर व्हायचाय किंवा अपिलात आहे, त्यांचा जुना दगडी बांध हा बोलणारा साक्षीदार आहे. आपल्या आज्यानं डोक्यावर दगड वाहून रचलेला बांध रोटरनं अर्ध्या तासात मोडला, तर मोजणीला आलेल्या माणसाला दाखवणार काय? आंबेगाव-जुन्नरकडं आपले महादेव कोळी लोक पडकई करतात, म्हणजे सगळ्यांनी मिळून उतारावर भाताची खाचरं पाडायची. ते बांध म्हणजे त्यांच्या घामाचं दप्तर आहे. आपलंही तसंच.

म्हणून लहान खाचराला पॉवर टिलर बरा. दोन चाकांचा, मागं चालत धरायचा. तो अरुंद जागेत वळतो आणि जड ट्रॅक्टरइतकी माती दाबत नाही. त्याहून हलकी यंत्रं तर चार-सहा जणांनी धरून बांधावरून खाली उतरवता येतात.

वरकस जमिनीचा नियम वेगळा. नाचणी-वरीच्या उतारावर रोटर फिरवून माती पिठासारखी करू नका. आपल्याकडचा पाऊस त्या पिठाला एका दिवसात खाली नेईल. तिथं फण पुरे. उताराला आडवं चालायचं, वरून खाली कधीच नाही. ढेकळं थोडी राहिली तरी चालतील, तीच माती धरून ठेवतात.

वाफसा ओळखल्याशिवाय यंत्र घालू नका. मूठभर माती घ्या, दाबून लाडू करा, कमरेच्या उंचीवरून खाली टाका. लाडू फुटला तर वाफसा आहे. चपटा झाला तर माती अजून ओली, थांबा. लाडूच वळत नसेल तर कोरडी. ओल्या मातीत कोरडी नांगरट करायला ट्रॅक्टर घातला की चाकाखाली माती दबते आणि उन्हानं विटेसारखी होते. वीट कशी होते ते आपल्याला कोणी शिकवायला नको. आणि दरवर्षी एकाच खोलीवर रोटर मारत राहिलं तर खाली कडक थर बसतो. भाताला तो पाणी धरायला उपयोगी पडतो, पण भातानंतर वाल-हरभरा टाकायचा तर मुळं त्याच्यात अडतात. तेव्हा अधूनमधून उन्हाळ्यात नांगरानं खोल नांगरट हवीच.

राबाच्या जागेत रोटर वरच्यावर फिरवा. खोल घातला तर राख खाली गाडली जाते आणि राब भाजल्याचा फायदा जातो. ज्यांना टहाळ तोडायला वनखात्याची अडचण येते त्यांनी गादीवाफा करून बघावा. वाफा मीटरभर रुंद, अर्धी वीत उंच, दोन वाफ्यांत पाणी निघायला चर. माती बारीक करून चांगलं कुजलेलं शेणखत घालायचं. बी मिठाच्या पाण्यात टाकून बघायचं, दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. तरंगलेलं पोचट काढून टाकायचं, बुडलेलं चांगल्या पाण्यानं धुऊन सावलीत सुकवून पेरायचं. इंद्रायणी असो की आंबेमोहर, पद्धत हीच. एक एकर लावणीला साधारण चार गुंठे रोपवाटिका लागते. म्हणजे जूनच्या सुरवातीला प्रत्येक घराला तातडीची नांगरट लागते ती चार-पाच गुंठ्यांचीच. ही गोष्ट नीट ध्यानात घ्या, पुढचं सगळं तिच्यावर आहे.

आपलीच माणसं काय म्हणतात

म्हातारी माणसं म्हणतात, यंत्रानं बायांची मजुरी जाईल. नांगरट-चिखलणीचं काम बायांकडून कुदळीनं करून घेण्यात कसली मजुरी? पाठच मोडते. लावणी, बेणणी, कापणी हातानंच होतेय. उलट नांगरट वेळेवर झाली तर आपली लावणी वेळेवर होईल आणि मग उरलेल्या दिवसांत दुसरीकडं रोख रोजावर जाता येईल, भाव ठरवून.

काही साहेब लोक म्हणतात, आदिवासीला ट्रॅक्टर कशाला, त्याची पारंपरिक शेतीच चांगली. परंपरा आम्हालाही प्यारी आहे. पण बैल नसताना परंपरा म्हणजे आईच्या हातातली कुदळ. जपानात दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ पासून, मोठ्या जमीनदारांची जमीन कसणाऱ्या कुळांच्या नावावर केली. त्यानंतर १९५० नंतरच्या दहा वर्षांत तिथल्या लहान भातखाचरांत पॉवर टिलर पसरायला लागले. आधी जमीन नावावर, मग यंत्र हाताशी. आपल्याकडं पट्टा देऊन सरकार थांबतं. यंत्राच्या अनुदानाला अर्ज केला की एका कचेरीत आम्हाला सांगितलं, "सातबारा आणा." पट्टा दाखवला तर म्हणाले, "हा चालत नाही." बँक म्हणते, ही जमीन तारण राहत नाही.

पट्टा विकता येत नाही, गहाण पडत नाही, हे चांगलंच आहे. नाहीतर मारुंजीसारखी आपली जमीनही केव्हाच गेली असती. पण त्याची शिक्षा आपल्याला का? २०१२ च्या दुरुस्तीनंतर नियम १६ सांगतो की ज्यांचे हक्क मान्य झाले त्यांना जमीन सुधारणा, उत्पादन वाढ, उपजीविका या सगळ्या सरकारी योजना मिळतील हे राज्य सरकारनं बघायचं. नियम १२-क सांगतो की मान्य झालेल्या हक्काची नोंद महसूल आणि वन दप्तरात जास्तीत जास्त तीन महिन्यांत करायची. नोंद करायचं काम त्यांचं, आणि नोंद नाही म्हणून परत पाठवायचं आपल्याला!

आता एक कडू गोष्ट, आपल्याच माणसांसाठी. यंत्र हाताशी आलं की कोणाच्या मनात येतं, दोन तास जास्त चालवू, पलीकडचं रानही मोडू. असं करू नका. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जे कसत होतो, जास्तीत जास्त चार हेक्टर, तेवढाच आपला दावा आहे. नवीन रान मोडलं तर ते कधी नावावर होणार नाही, आणि आपल्याला अतिक्रमणवाले म्हणणाऱ्यांना कोलीत मिळेल. शिवाय कलम ५ नं जंगल राखायची जबाबदारी ग्रामसभेला दिलीय. हिरडा, मध, कंदमुळं, जळण कुठून आणणार?

या वर्षी काय करायचं

पूर्वी इर्जिक होती. सगळ्यांचे नांगर एका दिवशी एकाच्या शेतात. सावड होती. आज मी तुझ्याकडं, उद्या तू माझ्याकडं. बैल गेले म्हणून ही रीत मोडायची गरज नाही. बैलाच्या जागी मशीन, रीत तीच. आमची मागणी अशी की मृगाच्या आत प्रत्येक वाडीनं ग्रामसभा घेऊन एवढे ठराव लिहावेत.

१. ट्रॅक्टर किंवा टिलर वाडीनं मिळून भाड्यानं ठरवायचा. भाव तासावर, आधी लिहून, पैसे रोख. प्रत्येक घरानं आत्तापासून थोडेथोडे बाजूला काढावेत, बचत गटानं नड भागवावी. नांगरटीच्या बदल्यात लावणी, असा सौदा कोणीही करायचा नाही.

२. यंत्र आलं की आधी सगळ्यांच्या रोपवाटिका, मग कोणाचंही खाचर. विधवा बाई, म्हातारं माणूस, ज्यांच्या घरात हात कमी, त्यांचा नंबर पहिला. चार-पाच गुंठ्यांचंच काम असल्यानं दोन-तीन दिवसांत सगळी वाडी उरकते.

३. वाडीनं रोप एकदम टाकू नये. चार-पाच दिवसांच्या अंतरानं दोन हप्त्यांत टाकावं. म्हणजे चिखलणीची पाळी शेवटी आली तरी त्या घरचं रोप म्हातारं होणार नाही.

४. चालक वाडीतलाच, आणि शक्यतो ज्याला प्लॉट नाही त्या घरातला. त्याला रोज ठरवून द्यायचा.

५. बांध मोडायचा नाही, झाड पाडायचं नाही, नवीन रानात यंत्र घालायचं नाही. वनहक्क समितीनं लक्ष ठेवायचं.

६. चालू यंत्राजवळ पोरं नकोत. मडगार्डवर कोणी बसायचं नाही. पदर, लुगडं, गमछा आवरून घ्यायचा. पातीत गवत अडकलं तर आधी इंजिन बंद, मग हात.

७. पट्टेधारकांनी मिळून कृषी विभाग आणि आदिवासी प्रकल्प कार्यालयाकडं सामूहिक अर्ज द्यायचा. नियम १६ चा दाखला घालून लिहायचं की वाडीला टिलर आणि अवजारं द्या, आणि वनपट्टा जमिनीचा पुरावा म्हणून धरा. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही. अर्जाचा नमुना संघटनेच्या कार्यकर्त्यांकडं मिळेल.

हे सगळं एका पावसात जमेल असं आम्ही म्हणत नाही. कुठं पैसे जमणार नाहीत, कुठं नंबरावरून भांडण होईल. पहिल्या वर्षी निदान पहिले दोन ठराव पाळले तरी पुष्कळ झालं. आमच्या वाडीत आठ घरांनी हो म्हटलंय. ज्या घरानं गेल्या वर्षी सोळा रोज दिले ते त्यात पहिलं आहे. या वर्षी त्या दोघांची लावणी त्यांच्या स्वतःच्या खाचरात, बाविसाव्या-तेविसाव्या दिवसाच्या रोपानं व्हावी, एवढं आम्ही डोळ्यांपुढं ठेवलंय.

तुमच्या वाडीत काय ठरलं ते पुढच्या अंकासाठी कळवा. जमलं ते लिहा, फसलं तेही लिहा.

कसणाऱ्याची जमीन, कसणाऱ्याच्याच हातात!
जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची!